लाल शाईतला डावा पाय

एका पत्राला मी एक्केचाळीस वर्षं उत्तर दिलेलं नाही.

तसं पाहिलं तर मी बऱ्याच पत्रांना उत्तरं दिलेली नाहीत. तरुणपणी एका मुलीने 'आपला विचार कळवावा' असं लिहिलं होतं. माझा विचार पक्का होता, फक्त वाक्यरचना जमत नव्हती. परवा तिच्या नातीचं लग्न झालं म्हणे! पण हे पत्र वेगळं. ते दाजींचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं होतं, आणि सैनिकी इस्पितळातून आलं होतं.

'मेव्हणे, सुरुंगावर पाय पडला. डावा पाय गुडघ्याखाली गेला. बाकी मी ठीक. तुमच्या ताईला अजून कळवलेलं नाही. तुम्ही शब्दांतले माणूस, तिला हे कसं सांगावं ते चार ओळींत लिहून पाठवा. मी जसंच्या तसं उतरवून काढीन. वाट पाहतो.'

मी अकरा मसुदे केले. पहिल्यात 'दुर्दैवाने' होतं, ते काढलं. दुसऱ्यात 'सुदैवाने' घातलं, तेही काढलं. अकराव्यात नुसतं 'प्रिय दाजी' उरलं, आणि त्यातल्या 'प्रिय'बद्दलही मला शंका होती. तोवर दाजी घरी पोचले. पत्र मी मोठ्या शब्दकोशात ठेवून दिलं. तो विषय ना त्यांनी पुन्हा काढला, ना मी.

म्हणून यंदा दाजींना अपंगांच्या पार्किंगचा परवाना काढायची वेळ आली, तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "दाजी, फॉर्मचं सगळं माझ्यावर सोडा! फॉर्म भरण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय!"

मी इतक्या मोठ्याने काही बोललो याचं मलाच आश्चर्य वाटलं. पण अडतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून काढलेला माणूस मी. छापील कागदाशी माझं बरं जमतं. अडचण येते ती माणसांशी.

दाजींनी इतकी वर्षं हा परवाना काढलाच नव्हता. "मी अपंग नाही," म्हणायचे, "माझा एक पाय अपंग आहे, आणि तो गाडी चालवत नाही!" त्यांची गाडी क्लचशिवाय चालणारी, त्यामुळे उजव्या पायावर त्यांचं भागायचं. पण गेल्या महिन्यात ताईला अर्धांगाचा झटका आला. तिला टेकडीवरच्या शुश्रूषागृहात ठेवलं. भेटीची वेळ चार ते पाच. दारासमोर गाडी लावायला एकच मोकळी जागा, तिच्यावर चाकाच्या खुर्चीचं चित्र. बाकीच्यांनी गाड्या टेकडीखाली लावायच्या आणि चढ चढून यायचं. दाजींना चढायला पंचवीस मिनिटं लागायची आणि उतरायला तेवढीच. पाचला खालचं फाटक बंद व्हायचं. म्हणजे ताईच्या वाट्याला उरली दहा मिनिटं!

आणि ताईची वाचा गेलेली. शब्द होते, पण ते एकेक करून विहिरीतून काढावे लागत. पहिलं वाक्य जुळवायलाच तिला अर्धा तास तरी लागायचा. तिथल्या वाचोपचारवाल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "पहिले तीन महिने महत्त्वाचे. रोज तासभर घरच्या माणसाशी बोलणं व्हायला हवं. आत्ता जे शब्द परतले नाहीत ते मग परतायचे नाहीत."

"सोळा दिवस ऐकतोय मी," दाजी म्हणाले. "रोज म्हणते, 'वाळवीला...' आणि मला निघावं लागतं! वाळवीला काय? बोलावू? झोडपू? जेवायला घालू?"

वाळवी म्हणजे मी. लहानपणापासून पुस्तकांत तोंड घालून बसतो म्हणून ताईने ठेवलेलं नाव. मी एकदाच तिला भेटायला गेलो होतो. एक वाक्य तयार करून नेलं होतं. दारापाशी त्यातलं क्रियापद खटकलं, म्हणून मी परत आलो.

परवाना कार्यालय एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. पायऱ्याच नाहीत! एकच लांबलचक उतार गोल गोल फिरत वर जातो. आम्ही चढत राहिलो. वाटेत ना माणूस, ना आवाज. दाजींच्या नकली पायाची टक् टक् तेवढी पुढे जायची, आणि वळणाआडून कोणीतरी चालत येत असल्यासारखी परत यायची.

वर एक भला मोठा कॉरिडॉर. दोन्ही बाजूंना खुर्च्या, सगळ्या रिकाम्या. मी एकीवर बसलो आणि ताडकन उठलो.

"काय झालं?" दाजींनी विचारलं.

"खुर्ची गरम आहे."

दाजींनी शेजारची चाचपली. "हीसुद्धा."

आम्ही उभेच राहिलो.

टोकाला धुरकट काचेची खिडकी होती. खाली फट, आणि फटीत दोन हात. फक्त हात! स्वच्छ, नखं कापलेली, उजव्या अंगठ्यावर कागद मोजायची रबरी टोपी. हातांनी एक फॉर्म पुढे सरकवला. आतून कोरडा आवाज आला, "काळ्या शाईत भरा. अर्जदाराचा आणि सोबतच्या सहाय्यकाचा फोटो लावा."

"साहेब, लवकर होईल ना?" दाजींनी वाकून विचारलं.

"फॉर्म बरोबर असेल तर इथे सगळं लवकर होतं," हात म्हणाले.

मी घरी येऊन फॉर्म काळ्या शाईत भरला. अक्षर असं की छापल्यासारखं! दाजी अर्जदार, मी सहाय्यक. मग सवयीने चष्मा पुसून पुन्हा वाचायला बसलो, आणि घात झाला.

फॉर्मच्या छपाईत सतरा चुका होत्या! स्वच्छ कपड्यावर डाग दिसला की काही लोकांना राहवत नाही, तसं माझं. हात आपोआप लाल पेनाकडे गेला. एका जागी 'तात्पुरता, कायम' असे दोन शब्द नुसतेच शेजारी पडले होते. मी 'तात्पुरता'वर 'हा शब्द काढा' अशी शेपटीवाली काट मारली. त्याहून वाईट म्हणजे फॉर्मात सहाय्यकाचं नाव वर आणि अर्जदाराचं खाली होतं. ज्याचा पाय गेला तो खाली, आणि ज्याने पेन धरलं तो वर! छापखान्यात दोन ओळी अशा उलट्या पडल्या की त्यांच्याभोवती एक नागमोडी रेघ काढतात. ती पहिलीवरून जाते, दुसरीखालून परत येते. अर्थ असा, की याची जागा त्याला द्या आणि त्याची याला. मी ती रेघ काढली. समासात खूण केली. अशी सुबक रेघ मी गेल्या दहा वर्षांत काढली नव्हती. फॉर्म पाकिटात घातला आणि त्या रात्री फार चांगला झोपलो.

आठवड्याने तपासणीचं बोलावणं आलं. त्याच कॉरिडॉरमध्ये आम्हाला तीन तास बसवलं. या खेपेला गरम खुर्चीची सवय झाली होती. मी पुस्तक उघडून डावा पाय खाली दुमडून बसलो.

"अर्जदार!" आतून हाक आली.

दाजी उठले. सैनिकासारखे ताठ चालत आत गेले. मीही मागोमाग. टेबलामागे डॉक्टर होते. चष्म्याच्या काचा इतक्या जाड की त्यामागे डोळे आहेत की नाहीत ते कळेना. त्यांनी कागद पाहिला, मग आम्हाला. पुन्हा कागद पाहिला.

"तुम्ही सहाय्यक ना?" ते दाजींना म्हणाले. "बाहेर बसा."

"अहो डॉक्टर, पाय माझा..."

"सगळे सहाय्यक असंच म्हणतात. फार जीव लावतात. बाहेर!"

दाजी सैन्यातले. हुकूम म्हणजे हुकूम! वळले आणि टक् टक् करत बाहेर गेले. त्या आवाजाकडेसुद्धा डॉक्टरांनी लक्ष दिलं नाही. मला टेबलावर झोपवण्यात आलं.

"डावा ना?"

"हो, म्हणजे डावाच, पण..."

"किती वर्षं झाली?"

"एक्केचाळीस. पण ते..."

"अजून त्रास होतो?"

"कधी कधी फार वाईट वाटतं," मी खरं ते सांगितलं.

त्यांनी लिहून घेतलं. मग एक छोटी हातोडी घेऊन माझ्या नडगीवर मारली. टक्. पुन्हा मारली. टक्. शपथेवर सांगतो, आवाज पोकळ आला! मी मान उचलून पाहिलं.

"वा!" डॉक्टर माझ्या पायावर इतके वाकले की त्यांचा श्वास मला दिसला, पण जाणवला नाही. "काय कारागिरी आहे! केससुद्धा लावलेत. कुठे बनवला?"

मी घाबरलेला. "घरी," म्हणालो. "माझा जन्म घरीच झाला."

'घरगुती बनावट,' त्यांनी लिहिलं. "आता टाचणी टोचतो. कळतं का सांगा."

मी डोळे मिटून वाट पाहिली.

"टोचा की," मी म्हणालो.

"तीनदा टोचली," डॉक्टर म्हणाले.

तीन तास पाय दुमडून बसल्याने तो बधिर झाला असणार, हे मला नंतर सुचलं. तेव्हा मात्र पाठीतून एक थंड ओहोळ खाली गेला, आणि डाव्या गुडघ्यापाशी थांबला. आता तुम्ही म्हणाल, अरे गृहस्था, उठून सांगायचं की हा पाय माझा आहे! पण मी आयुष्यभर एक नियम पाळला. मूळ प्रत आणि प्रूफ यांत फरक पडला तर मूळ प्रत खरी मानायची. टेबलावर कागद होता आणि टेबलावर पाय होता. यांतली मूळ प्रत कोणती, हे मला सांगता येईना.

चार दिवसांत परवाना आला. निळं कार्ड. त्यावर माझा फोटो! 'परवानाधारक: माजी सैनिक, डावा पाय नाही. स्वरूप: कायम.' खाली दाजींचा फोटो. 'सहाय्यक: दोन्ही पाय उत्तम.'

दाजी इतके हसले की त्यांना पाय काढून बाजूला ठेवावा लागला.

"मेव्हणे, एक्केचाळीस वर्षं शोधत होतो! पाय तुमच्याकडे होय!"

मी मात्र तसाच कार्यालयात धावलो. धावलो म्हणजे, उजवा पाय धावला. डावा थोडा मागून आला. फटीतले हात कार्ड उलटंसुलटं करून पाहू लागले.

"यात चूक कुठे आहे?"

"नावांची अदलाबदल झालीय! मी त्यांचा मेव्हणा, मी धडधाकट आहे!"

हातांनी माझा फॉर्म काढून काचेपाशी धरला. माझी नागमोडी रेघ त्यावर रक्ताच्या धाग्यासारखी दिसत होती. "अदलाबदलीचा हुकूम आहे. लाल शाईत. आमच्याकडे लाल शाई फक्त मोठे साहेब वापरतात."

"ती खूण मी केली! मुद्रितशोधनाची खूण आहे ती!"

हात थांबले. रबरी टोपी अंगठ्यावरून निसटून पडली आणि गडगडत गेली.

"हळू बोला," काचेमागून कुजबुज आली. "मोठ्या साहेबांच्या खोलीला नऊ वर्षं कुलूप आहे. जागा भरलीच नाही. नऊ वर्षांत एक हुकूम नाही, एक खूण नाही. त्या दिवशी लाल शाई दिसली आणि सगळं कार्यालय उभं राहिलं हो!"

मी मागे वळून पाहिलं. रिकाम्या खुर्च्यांच्या दोन रांगा.

"सगळं... म्हणजे कोण?"

हातांनी अंगठ्यावर नवी टोपी चढवली. त्यांनी फक्त नियम सांगितला. नोंद चुकीची आहे का, असं विचारणारं पत्र मला टपालाने येईल. मी पंधरा दिवसांत 'हो' असं उत्तर दिलं, तर परवाना त्याच दिवशी रद्द, आणि नवा अर्ज. नव्याला नव्वद दिवस. उत्तर दिलं नाही, तर नोंद कायम.

"नव्वद दिवस?" मी म्हणालो. "माझ्या बहिणीकडे तेवढे उरलेले नाहीत!"

"आणि तोवर हे कार्ड चालेल," हात म्हणाले. "फक्त परवानाधारक गाडीत हवा. आणि गाडीतून उतरताना त्याला पाय नसावा."

झालं! दाजींनी आपल्या अंगणात माझी कवायत सुरू केली.

"डावा ओढा! ओढा, नाचवू नका! तुम्ही लंगडताय की लाजताय?"

"दोन्ही," मी म्हणालो.

"कंबर सोडा. डावा म्हणजे कोणाचं तरी सामान आहे असं समजा. हां! आता कसं! मेव्हणे, तुम्ही तर माझ्याहून बरे लंगडता!"

दाजी स्वतः कधीच लंगडत नसत. पँट घातली की कोणाला कळायचं नाही, अशी चाल कमावली होती त्यांनी. त्याचा परिणाम पहिल्याच दिवशी दिसला. शुश्रूषागृहाच्या दारापाशी गाडी लागली. मी पाय ओढत उतरलो. तिथल्या पहारेकऱ्याने कार्ड पाहिलं, 'माजी सैनिक' वाचलं, आणि मला कडक सलाम ठोकला! मग दाजींकडे वळून खेकसला, "अहो, दोन पायांचे धडधाकट गृहस्थ तुम्ही! लाज नाही वाटत? त्या आजोबांना हात द्या की!"

दाजींनी मुकाट्याने माझा दंड धरला. त्यांचे खांदे हसून गदगदत होते. ज्याला दोन पाय होते तो लंगडत होता, ज्याला एकच होता तो त्याला आधार देत होता, आणि पहारेकरी आमच्याकडे पाहून डोळे पुसत होता!

ताईची खोली पांढरी, शांत. खिडकीला जाळी, भिंतीवर घड्याळ. मी कोपऱ्यात उभा राहिलो. या वेळी वाक्य तयार करून आणलंच नव्हतं. ताईने मला पाहिलं. तिचा अर्धा चेहरा हलला.

"वा... वाळवी..." तिने सुरुवात केली.

"अगं, 'वाळवीला' होतं ना?" दाजी म्हणाले. "आता नवीन वाक्य काढलंस? माझे इतके दिवस पाण्यात!"

ताईने त्यांच्याकडे असं पाहिलं, की शब्दांची गरजच नव्हती. आम्ही थांबलो. चार वाजून दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. आणि बरोबर सव्वाचारला माझ्या डाव्या पायाच्या करंगळीला खाज सुटली.

साधी खाज नव्हे! जणू आतून कोणी बोटाने हाक मारतंय. मी चप्पल काढून खाजवलं. काही उपयोग नाही. करंगळी हाताला लागत होती, पण खाज तिच्यात नव्हती. ती करंगळीच्या जरा पलीकडे, हवेत कुठेतरी होती.

दाजी माझ्याकडे टक लावून पाहत होते.

"करंगळी?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो. तुम्हाला कसं..."

"कारण ती माझी आहे," दाजी म्हणाले. "नसलेल्या पायाची. एक्केचाळीस वर्षं, रोज सव्वाचारला. आज नाही सुटली."

दाजींच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्यांना मी असं कधी पाहिलं नव्हतं. माझ्या पँटीच्या डाव्या पायाकडे ते अशा नजरेने बघत होते, जशी माणसं परगावी अचानक भेटलेल्या जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघतात.

"सव्वाचारलाच का?" मी विचारलं.

"इस्पितळात डाक चारला यायची," दाजी म्हणाले. "वाटून संपायला सव्वाचार. आपलं काही आलं नाही हे तेव्हा कळायचं."

मी खाली पाहिलं. उत्तर द्यायला शब्द सापडेना. हे माझं नेहमीचंच, पण यापूर्वी कधी ते मला इतकं ऐकू आलं नव्हतं.

आणि चार वाजून चाळीस मिनिटांनी ताईचं वाक्य पूर्ण झालं.

"वाळवी... उत्तर... अजून... लिहितोयस?"

म्हणजे तिला ठाऊक होतं! दाजींनी तिला कधीच सांगितलं होतं. इतके दिवस ती रोज तेवढंच सांगायला निघायची, की वाळवीला म्हणावं उत्तर दे.

"मग... मग ताईला तुम्ही कसं सांगितलंत?" मी दाजींना विचारलं. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"सांगतो काय! तुमची वाट पाहून शेवटी तसाच घरी गेलो. हिने दार उघडलं. माझ्याकडे न बघताच म्हणाली, 'फरशी पुसलीय, पाय पुसून या.' मी विचारलं, 'एकच पुसू की दोन्ही?'"

ताई हसली. अर्ध्या तोंडाने, पण पूर्ण! माझ्या अकरा मसुद्यांत या वाक्याच्या जवळपास जाणारं काही नव्हतं.

त्यानंतर आम्ही रोज जाऊ लागलो. तासाचा तास! ताईचे शब्द परतू लागले. आधी शिव्या परतल्या, मग भाज्यांची नावं, मग आम्हा दोघांची उणीदुणी. आठव्या दिवशी तिने दाजींना एका दमात 'गाढव' म्हटलं, तेव्हा वाचोपचारवाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या पायाचं मात्र काही खरं नव्हतं. तो थंड पडत चालला होता. अंगणात कवायत नसली तरी मी लंगडायचो. डावी चप्पल झिजायची थांबली. आणि मग कार्यालयाचं ते पत्र आलं. 'नोंद चुकीची असल्यास पंधरा दिवसांत कळवावे.' चौदाव्या सकाळी मी अंघोळ करून न्हाणीघरातून बाहेर आलो, सहज मागे वळून पाहिलं. फरशीवर ओल्या पावलांची रांग होती.

सगळी उजवी.

मी परत जाऊन पुन्हा अंघोळ केली. डावा पाय नीट भिजवला. बाहेर आलो. उजवं, उजवं, उजवं. तिसऱ्या अंघोळीनंतर मला शिंका येऊ लागल्या, तेव्हा मी तो नाद सोडला. दाजींना फोन केला.

"मेव्हणे, ऐका," ते म्हणाले. आवाजात थट्टा नव्हती. "उत्तर देऊन टाका. त्यांना लिहा, पाय माझा आहे. मी जाईन चढून. दहा तर दहा मिनिटं."

"आणि ताई?"

फोनमधून नकली पायाच्या येरझारांची टक् टक् ऐकू येऊ लागली.

"काल ती कुठपर्यंत आली होती?" मी विचारलं.

"'तुमच्याशिवाय'पर्यंत," दाजी म्हणाले. "'तुमच्याशिवाय मला...' आणि पाच वाजले. आता यात काहीही निघू शकतं म्हणा. 'बरं वाटतं' असंही!"

मी फोन ठेवला आणि टेबलाशी बसलो. समोर कार्यालयाचं पत्र. मी शब्दकोश उघडला, दाजींचं जुनं पत्र काढलं, आणि त्या जागी कार्यालयाचं ठेवून शब्दकोश मिटला. जन्मभराची सवय अखेर कोणाच्या तरी उपयोगी पडणार होती!

मग कागद घेतला. बारावा मसुदा. काळी शाई. लाल पेन मी आधीच खिडकीबाहेर फेकून दिलं होतं, स्वतःवर माझा विश्वास नाही.

'प्रिय दाजी, तुमचं पत्र मिळालं. ताईला काही लिहू नका, तसेच घरी जा. ती पाय पुसायला सांगेल, पुढचं तुम्हाला सुचेल. डाव्या पायाची काळजी करू नका, सध्या माझा वापरा.'

चार ओळी. पुन्हा वाचलं नाही. पाकीट बंद केलं.

पंधराव्या दिवशी वाटेत उशीर होऊन सव्वाचारच्या सुमारास आम्ही शुश्रूषागृहाशी पोचलो. दारापलीकडे एक टपालपेटी आहे, तिच्याकडे मी निघालो.

"कोणाला पत्र?" दाजींनी गाडीतून विचारलं.

"तुम्हाला."

"मग द्या की हातात!"

"नाही," मी म्हणालो. "तुम्ही डाकेची वाट पाहिली होती. ते डाकेनेच येईल."

दाजींनी मान हलवली. काच वर करून समोर बघत बसले. मी खडीवरून पाय ओढत पेटीपाशी गेलो. पाकीट फटीत धरलं. आत अंधार होता, आणि क्षणभर वाटलं की त्या अंधारात दोन स्वच्छ हात ते घ्यायला पुढे झालेत. मी सोडून दिलं. पत्र पडल्याचा आवाज आला.

मागून पहारेकरी धावत आला. त्याच्या हातात एक चप्पल होती.

"आजोबा, ही तुमची तिकडे गाडीपाशीच राहिली! तुम्हाला कळलंही नाही ना? नकली पायाला कुठून कळणार म्हणा!"

मी खाली पाहिलं. डावा पाय अनवाणी, तापलेल्या खडीवर उभा होता. मला खरंच कळलं नव्हतं. सव्वाचार होऊन गेले होते, आणि खाज सुटली नव्हती. ना मला, ना गाडीतल्या दाजींना.

"त्यांना द्या," मी गाडीकडे बोट दाखवलं. "पाय त्यांचा आहे. मी फक्त सहाय्यक."